साथ चालू असताना वादळ किंवा पूर आला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो. शाळेला पाच खोल्या. आदल्या दिवशी माझ्या हातात दोन कागद होते. एकावर 'चक्रीवादळ निवारा : ५ खोल्या', दुसऱ्यावर 'संस्थात्मक विलगीकरण : ५ खोल्या'. खोल्या त्याच. त्यातल्या तिनांत मुंबईहून आलेले चाकरमानी आधीच मुक्कामाला होते. दोन्ही कागदांवर सही होती, शिक्का होता आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर होते.

त्यानंतर आसपासच्या गावांत ग्रामपंचायत, बचत गट, गणेश मंडळ अशा बैठकांना बोलावणी येत गेली. तिथे फिरून फिरून जे प्रश्न आले ते इथे आहेत. उत्तरं करोनाच्या दोन वर्षांवर आणि कोकणावर बेतलेली आहेत. पुढची साथ दुसऱ्या रोगाची असेल तर अंतर, मास्क, विलगीकरणाचे दिवस हे तपशील बदलतील. खोल्यांचा घोळ मात्र तसाच राहील, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

दोन्ही संकटं एकदम आली तर आधी कशाकडे बघायचं?

पाणी, वारा, दरड. यात चर्चा करण्यासारखं काही नाही. विषाणूला माणूस आजारी पाडायला काही दिवस लागतात, पाण्याला माणूस न्यायला काही मिनिटं. २२ मार्च २०२० ला क्रोएशियाच्या झाग्रेब शहरात पहाटे भूकंप झाला. तिथेही करोनामुळे लोक घरात कोंडलेले होते. सरकारने त्यांना सांगितलं, घराबाहेर पडा, पण एकमेकांपासून लांब उभे राहा. क्रम नेमका तोच. आधी बाहेर पडायचं, मग लांब उभं राहायचं. मास्क शोधत घरात रेंगाळायचं नाही.

असं आधी कधी झालं होतं का?

झालं होतं, आणि आपल्याकडेच. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने दख्खनमध्ये दुष्काळही पडला. साथरोग कायदा १८९७ चा, तो त्याच प्लेगमधून आला आणि करोनात सव्वाशे वर्षांनी पुन्हा बाहेर काढावा लागला. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईत शिरली आणि त्या वर्षीही पाऊस गेला. उपाशी शरीरात ताप शिरला म्हणून माणसं पटापट गेली. आमच्या आजीच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द असायचा, तो त्याच तापाचा.

करोनात तर रांगच लागली. मे २०२० मध्ये बंगालवर अम्फान, जूनमध्ये रायगड-रत्नागिरीवर निसर्ग, मे २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना किनाऱ्याला घासून गेलेलं तौक्ते, आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणचा पूर, तळीयेची दरड, पाठोपाठ कोल्हापूर-सांगलीचा महापूर. चौदा महिन्यांत एवढं सगळं.

शाळा विलगीकरणाला दिलेली आहे. तीच निवारा म्हणूनही दाखवली आहे. काय करायचं?

एक खोली दोनदा मोजायची नाही. बोलायला सोपं आहे, पण याद्या वेगवेगळ्या टेबलांवर होतात आणि खोली बिचारी दोन्हीकडे हजेरी लावते. ओडिशासारख्या वादळात मुरलेल्या राज्यातही अम्फानच्या वेळी कित्येक वादळ-निवारे विलगीकरण केंद्रं झालेले होते आणि ऐन वेळी जास्तीच्या शाळा-कॉलेजं उघडावी लागली.

आम्ही काय केलं ते सांगतो. २ जूनच्या दुपारी सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि मी खोल्या बघायला निघालो. पहिली गोष्ट कळली ती ही, की पाच खोल्या म्हणजे तीनच होत्या. तिनांवर स्लॅब, दोनांवर पत्रा. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात पत्र्याची खोली निवारा म्हणून धरायचीच नसते, तरी ती कागदावर बसली होती. चाकरमानी चौदा होते, दोन स्लॅबच्या खोल्यांत आणि एका पत्र्याच्या. त्या चौदांना आम्ही दोन स्लॅबच्या खोल्यांत घेतलं, घरटी एक कोपरा. तिसरी स्लॅबची खोली रिकामी ठेवली, कोणाला ताप निघाला तर असावी म्हणून. किनाऱ्यालगतच्या कुडाच्या आणि कौलारू घरांतली साठ-बासष्ट माणसं शाळेत आणलीच नाहीत. काही समाजमंदिरात, काही पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, आणि उरलेली ज्यांच्या घरावर स्लॅब आहे अशा सहा घरांच्या ओटीवर.

ओटीसाठी लोक तयार होतील असं वाटलं नव्हतं. त्या दिवसांत शेजाऱ्याच्या अंगणात पाय ठेवणंसुद्धा अवघड झालं होतं. पण 'मुंबईवाले शाळेतच राहणार, तुमच्याकडे गावातलीच माणसं येणार' म्हटल्यावर दारं उघडली. मनातून थोडं वाईटही वाटलं, कारण ते मुंबईवाले म्हणजे याच घरांतले मुलगे-सुना होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही खोल्यांचे पत्रे गेले. त्यातला एक आम्हाला शेजारच्या वाडीत नारळाच्या बुंध्याला गुंडाळलेला सापडला, भज्याच्या कागदासारखा.

एका खोलीत किती माणसं बसवायची?

मदतकार्यातला जगभरचा एरवीचा ठोकताळा माणशी साडेतीन चौरस मीटरचा आहे. वीस फूट बाय वीस फुटांच्या वर्गात म्हणजे दहा-अकरा माणसं. प्रत्यक्षात आपण चाळीस कोंबतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. साथीत मोजणी माणसांची करू नका, कुटुंबांची करा. एका घरात राहणारी माणसं तशीही एकमेकांच्या श्वासातच असतात, त्यांना एकमेकांपासून लांब बसवण्यात अर्थ नाही. चार कोपरे, चार कुटुंबं, मधली जागा मोकळी. खडूने जमिनीवर रेघ मारा. मुलं ती ओलांडणार, पण मोठी माणसं रेघेला मानतात.

खिडक्यांचा मुद्दा अडचणीचा आहे. साथ सांगते हवा खेळती ठेवा, वादळ सांगतं झडपा लावा. वाऱ्याचा जोर असेपर्यंत लावाच, तो ओसरला की वाऱ्याच्या उलट दिशेच्या आधी उघडा. आणि मधेच वारा एकदम पडला तर लगेच बाहेर धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने उलट्या दिशेने पुन्हा सुरू होतं.

ताप-खोकला असलेल्याला निवाऱ्यात घ्यायचं की नाही?

घ्यायचं. दारातून परत पाठवायचं नाही, काही झालं तरी. त्याच्यासाठी एक खोली आणि शक्य असेल तर एक संडास वेगळा धरून ठेवायचा. संडास एकच असेल तर वापराची वेळ वेगळी ठेवा आणि मधे साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. रुग्णाबरोबर सेवेला घरचंच एक माणूस, तेच शेवटपर्यंत.

लोक निवाऱ्यात यायलाच तयार नसतात. 'तिथे जाऊन करोना घेऊ का?' म्हणतात.

ही भीती खोटी नाही, म्हणून तिला हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे एक आजी होत्या, पंच्याहत्तरीच्या, एकट्या. पोलीस पाटील दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा आशाताई गेली.

"आजी, चला ना. कौलं उडतील तुमची."

"कौलं गेली तर पुन्हा घालता येतील. मी गेले तर मला कोण न्यायला येणार? टीव्हीवर बघितलंय मी, प्लास्टिकात बांधून नेतात."

आशाताईने वाद घातला नाही. म्हणाली, "शाळेत नाही नेत तुम्हाला. काकूंच्या माडीवर नेते. तिथे तुम्ही, काकू आणि मांजर. चौथं कोणी नाही." आजी उठल्या, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतला आणि निघाल्या.

सांगायचं एवढंच, की 'निवाऱ्यात चला' हे पुरत नाही. कोणत्या खोलीत, कोणाबरोबर, किती जण, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे. म्हणून वाटप आदल्या दिवशीच करावं लागतं. आणि ज्या माणसाचं ते ऐकतात त्याला पाठवा, ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला नाही. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ चा पूर लोकांच्या अंगावर ताजा होता, म्हणून २०२१ मध्ये पुष्कळांनी आधीच जनावरांसकट घर सोडलं. आमच्याकडे एवढ्या मोठ्या वादळाची आठवण कोणालाच नव्हती.

मास्क भिजला तर?

काढून टाका. भिजलेल्या मास्कमधून धड श्वास घेता येत नाही आणि तो अडवतही नीट नाही. घरटी काही कोरडे मास्क दुधाच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. पोहत किंवा छातीभर पाण्यातून जाताना मास्क लावूच नका.

सॅनिटायझर ठेवावं का?

थोडं ठेवा, पण भरवसा साबणावर. चिखलाने माखलेल्या हातावर सॅनिटायझर चालत नाही. शिवाय त्यात अल्कोहोल असतं आणि वीज गेलेल्या खोलीत मेणबत्त्या असतात.

निवाऱ्याच्या दारात ताप आणि ऑक्सिजन तपासायचा का?

तपासा, पण आल्या आल्या नाही. पावसात भिजलेल्या कपाळावर ताप मोजायची बंदूक कमीच आकडा दाखवते, म्हणजे ताप असलेला सुटतो. ऑक्सिमीटरचं उलटं. गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो. आमच्याकडे एका धडधाकट खलाशाचा आकडा ८६ आला आणि खोलीभर शांतता पसरली. त्याला टॉवेल दिला, गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरायला लावला, दहा मिनिटांनी ९८. नखाला रंग किंवा मेंदी असेल तरी बोट बदलून बघा. अंग कोरडं, हात गरम आणि पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावरही आकडा ९४ च्या खाली राहिला तर मात्र डॉक्टरांना कळवायचं, वाट बघायची नाही.

घरी ऑक्सिजनवर माणूस आहे. वीज गेली तर?

हा प्रश्न तौक्तेच्या वेळी सगळ्यांत जास्त आला, कारण २०२१ च्या मेमध्ये गावोगाव कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रं) पोचले होते. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, वीज गेली की तो नुसतं खोकं. घरातला इन्व्हर्टर पंखा-दिव्यासाठी असतो, त्यावर तो फार वेळ तग धरत नाही, लहान इन्व्हर्टरवर तर सुरूच होत नाही. म्हणून सोबत सिलिंडर लागतोच.

हिशेब करून ठेवा. घरी वापरतात तो बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर साडेबारा तास, पाच लिटर लागत असेल तर पाच. जंबो म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर, म्हणजे पाच लिटरने तेवीस तास. निसर्गनंतर आमच्या काही वाड्यांत महावितरणची वीज यायला महिना लागला, कारण खांबच शेकड्यांनी आडवे झाले होते. तेव्हा घरच्या सिलिंडरवर वादळ निभावायचा विचार सोडा. इशारा आला की त्या माणसाला जनरेटर असलेल्या रुग्णालयात आधीच हलवा. झाडं पडल्यावर रुग्णवाहिका येत नाही. आणि सिलिंडरच्या खोलीत समई, मेणबत्ती, उदबत्ती काहीही नको. उदबत्तीसुद्धा नको, हे मुद्दाम लिहावं लागतं.

रुग्णालयच धोक्यात असेल तर?

मुंबईने हे दोनदा हाताळलं. निसर्गच्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदानावर उभारलेलं रुग्णालय मुळात मांडवच होता, म्हणून तिथले सुमारे दीडशे रुग्ण आदल्या दिवशीच पक्क्या छपराखाली हलवले. तौक्तेच्या आधी वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड इथल्या जंबो कोविड केंद्रांतले मिळून ५८० रुग्ण हलवले, लसीकरणही थांबवलं. त्या छपरांना खरंच किती धोका होता यावर वाद घालता येईल. माझ्या मते तो वायफळ आहे. व्हेंटिलेटरवरचा माणूस ऐंशी किलोमीटरच्या वाऱ्यात हलवता येत नाही, निर्णय वारा सुटायच्या आधीच घ्यावा लागतो.

उलट बाजू चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, कोविड रुग्णांच्या रुग्णालयात वीज गेली आणि प्राणवायूच्या आधारावर असलेले रुग्ण दगावले. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणाचं काही चाललं नसतं असं म्हणता येईल. पण जनरेटर तळमजल्यावर की गच्चीवर, हा प्रश्न पावसाळ्याच्या आधीचा आहे. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन तो विचारा. उद्धटपणा वाटला तरी विचारा.

पूर ओसरल्यावर ताप आला. करोना समजायचा का?

इथे माणसं फसतात. करोनाच्या दोन वर्षांत ताप म्हणजे करोना असं समीकरण डोक्यात बसलं. चाचणी निगेटिव्ह आली की माणूस सुटकेचा श्वास सोडून घरी झोपायचा, आणि असायचा लेप्टो.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशी आणि गुरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या जबर दुखणं, डोळे लाल, पुढे कावीळ. पोटऱ्या दाबून बघा, माणूस ओरडला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. चिखलाच्या पाण्यातून चाललेल्यांनी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठावं. ते डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते चालत नाही, त्यांना वेगळं औषध असतं, म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी वाटून घ्यायची नाही.

आठवडा-दोन आठवड्यांनी डास येतात. करवंट्या, फुटकी कौलं, उडालेल्या पत्र्यांच्या पन्हळी, ताडपत्रीवरचे खळगे, सगळ्यांत पाणी साठतं आणि डेंगी-मलेरिया सुरू होतो. डेंगीची शंका असेल तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची-अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. थोडक्यात, पुरानंतरच्या तापात करोनाची चाचणी कराच, पण ती निगेटिव्ह आली की बाकीच्या तपासण्या सुरू होतात, संपत नाहीत.

पाणी आणि जेवणाचं काय?

विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती आधी उपसून घ्या आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामसेवक किंवा आरोग्य सेवकाकडून मापून टाका, अंदाजाने मुठी फेकू नका. प्यायचं पाणी उकळून, नाहीतर क्लोरिनच्या थेंबांनी. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि वाढणारा माणूस एकच. जेवण पंगतीने नको, पत्रावळीवर वाढून आपापल्या कोपऱ्यात. खिचडी-पिठलं पुरे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणीतरी वडापाव पाठवले, सगळ्यांना बरं वाटलं आणि संध्याकाळी निम्म्यांचं पोट बिघडलं.

मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं, लसी?

औषधं किमान दोन आठवड्यांची, चिठ्ठीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत. इन्सुलिनसाठी फ्रिज बंद पडला तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं भांडं सावलीत ठेवा. लसीचा साठा आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत असतो. वीज गेली की त्याचं झाकण उघडून 'गार आहे का' बघत बसू नये, ज्याचं काम आहे तो बघेल.

बचाव पथकं आणि स्वयंसेवकच रोग आणणार नाहीत का?

आणू शकतात, आणि उचलूही शकतात. अम्फानच्या कामावरून ओडिशाला परतलेल्या एनडीआरएफच्या तुकडीतले सुमारे पन्नास जवान पॉझिटिव्ह निघाले होते. म्हणजे बोट-दोर घेऊन आलेल्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय गावकऱ्यांच्या पंगतीत नको, वेगळी हवी. आपण पाहुणचाराच्या भरात नेमकं उलट करतो.

दूर प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा लहानसा देश आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथे हॅरोल्ड वादळ आलं तेव्हा देशात करोनाचा एकही रुग्ण नव्हता. त्यांनी मदतीचं सामान घेतलं, पण ते काही दिवस बाजूला ठेवून मगच वाटलं. बाहेरची माणसं मात्र येऊ दिली नाहीत. काम बरंचसं तिथल्याच लोकांनी केलं. आपल्याला एवढं कडक राहणं जमणारं नाही, पण 'सामान येऊ दे, माणसं कमी' हे धोरण बरं.

मुंबई-पुण्याहून आम्हाला मदत पाठवायची आहे. काय पाठवू?

जुने कपडे नकोत. हात जोडून सांगतो. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्या जूनमध्ये जुन्या साड्या, कोट, लग्नातल्या शेरवान्या यांचा ढीग छातीएवढा झाला होता. पावसाने भिजला, कुजला, आणि साथीच्या भीतीने त्याला हात कोणी लावेना. शेवटी तो उचलणं हेच एक काम होऊन बसलं.

पाठवा ते असं : ताडपत्री, पत्रे आणि त्यांचे हुक, कौलं, खिळे, सुतळी, करवती, मेणबत्त्या-काडेपेट्या, सोलर कंदील, सॅनिटरी पॅड, साबण. झाड कापायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस मिळाला तर त्याच्यासारखी मदत नाही. निसर्गनंतर गावाला पहिली गरज रस्त्यावरची झाडं बाजूला करायची होती, अन्नाची त्यानंतरची. आणि टेम्पो निघायच्या आधी सरपंचाला फोन करा. रस्त्याला लागणाऱ्या पहिल्या गावात दहा टेम्पो रिकामे होतात आणि आतल्या वाडीला काहीच पोचत नाही.

पंचनामा कसा होतो? घरमालक मुंबईत अडकला असेल तर?

२०२० मध्ये हा फार मोठा प्रश्न होता. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, आल्यावर चौदा दिवस विलगीकरण, आणि इकडे तलाठी दोन दिवसांत येऊन जायचा. गावातल्या भावकीतल्या एका माणसाला नुसता फोनवर नव्हे, लेखी अधिकार द्या, व्हॉट्सॲपवर सही केलेल्या कागदाचा फोटो असला तरी बोलायला आधार होतो. साफसफाई करायच्या आधी फोटो काढा. फोटोत घर ओळखू येईल अशी एखादी खूण यायला हवी, नुसता चिखल सगळीकडे सारखाच दिसतो.

निसर्गसाठी सरकारने मदत नेहमीपेक्षा वाढवली होती. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि बागांना हेक्टरी ५० हजार. हेक्टरी ऐकून आमच्याकडे लोक हसले, रडता येईना म्हणून. इथे वाडी मोजायची ती गुंठ्यात आणि त्याहून खरं म्हणजे झाडांत. दहा गुंठ्यांतल्या पोफळींवर घर चालायचं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. हेक्टरी हिशेबाने दहा गुंठ्यांचे पाच हजार होतात. झाडामागे भरपाई द्या ही मागणी तिथून उठली.

साथ आणि वादळ, दोन्हींसाठी जबाबदार कोण?

जिल्ह्यात एकच माणूस, जिल्हाधिकारी. टाळेबंदी लावली गेली ती आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली, आणि वादळ-पूरही त्याच कायद्यात. पैसाही बराचसा त्याच पेटीतला. मार्च २०२० मध्ये केंद्राने करोनाला आपत्ती ठरवून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी त्यावर वापरायला मोकळा केला. गावपातळीवर तर विचारूच नका. ग्राम कृती दल म्हणजे सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई. निवारा समिती म्हणजे तेच. आशाताई सकाळी घरोघर ताप मोजून आली आणि दुपारपासून लोकांना हलवत होती. तिला वाहिनीवर कोणी दाखवलं नाही. माणसंसुद्धा दोनदा मोजली जातात, नुसत्या खोल्या नाही. एकेका नावासमोर दोन कामं असतील तर दुसऱ्या कामाला दुसरं नाव शोधा. गावात चार पदवीधर मुलं रिकामी असतातच.

नेटवर्क गेलं तर?

जाणारच. आमच्याकडे निसर्गनंतर दिवसचे दिवस मोबाइल बंद होते, मुंबईतल्या लेकरांना गावाकडचं माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला आठवडा गेला. म्हणून यादी कागदावर. वाडीनिहाय : अंथरुणाला खिळलेले, गरोदर, डायलिसिसवाले, ऑक्सिजनवाले, विलगीकरणात असलेले, एकटे राहणारे. एक प्रत आशाताईकडे, एक पोलीस पाटलाकडे, निवाऱ्याच्या भिंतीवर मात्र लावू नका, कारण त्यात कोणाला कोणता आजार तेही असतं. फोन लागत असेपर्यंत जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, एरवी कशालाही ११२.

मे महिन्यात एकच काम करायला वेळ असेल तर कोणतं?

खोल्या फिरून या. कागद घेऊन, दोन-तीन माणसं. प्रत्येक खोलीपुढे लिहा : छप्पर कशाचं, पुराची रेघ कुठवर येते, संडास किती, पाणी आहे का, खोली सध्या कोणी वापरतंय का, आणि चावी कोणाकडे. शेवटच्या रकान्याला हसू नका. २ जूनच्या संध्याकाळी समाजमंदिराची चावी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ शाळेतच विलगीकरणात होते आणि चावी त्यांच्या मुंबईच्या घरात, कपाटाच्या खणात. कुलूप आम्ही फोडलं. नवीन कुलपाच्या आता तीन चाव्या आहेत, एक माझ्याकडे.